आलं आणि स्ट्रॉबेरी ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) वाळवली की वरून कडक, आतून ओली राहते. डीहायड्रेटर (पंख्याच्या गरम हवेने वाळवणारं मशीन) घ्यावाच लागेल का?

तुमच्या प्रश्नावरून एवढं कळलं: तुम्ही साताऱ्यात राहता, घरी २८ लिटरचा ओटीजी आहे, त्याचा काटा १०० अंशांपासून सुरू होतो, आणि बरणीत भरलेल्या स्ट्रॉबेरीला दोन आठवड्यांत बुरशी धरली. डीहायड्रेटर घ्यायचा की नाही हे तुम्ही वर्षाला किती माल वाळवणार त्यावर ठरवा. बुरशीचा दोष मात्र ओटीजीला देऊ नका. १०० अंशांवर वाळवण होत नाही, भाजणी होते.

घडतं ते असं. एवढ्या उष्णतेत कापाच्या वरचं पाणी झपाट्याने उडतं, आतलं पाणी तेवढ्या वेगाने वर येऊ शकत नाही. वरचा थर आक्रसून चिवट होतो आणि आतल्या पाण्याची वाटच बंद करतो. स्ट्रॉबेरीत साखर असल्यामुळे तो थर आणखी लवकर धरतो. हाताला काप कडक लागला म्हणून तुम्ही बरणी भरता, मग आतला ओलावा हळूहळू सगळ्या बरणीत पसरतो आणि बुरशीला आयतं घर मिळतं.

खरं काम वारा करतो, उष्णता त्याला हातभार लावते. तासगाव-कवठेमहांकाळ भागातली बेदाण्याची शेड पाहिली असेल तर हे वेगळं सांगायला नको. वर छप्पर, बाजू मोकळ्या, एकावर एक जाळीचे रॅक आणि आरपार वारा. द्राक्षाच्या सालीवरचा मेणाचा थर पाणी अडवतो, म्हणून माल आधी लिटरमागे साधारण २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवतात. मग सावलीतच पंधरा दिवसांच्या आसपास बेदाणा तयार होतो. हे जमतं कारण फेब्रुवारी ते एप्रिल तिकडची हवा कोरडी असते.

जुलैत साताऱ्यात ती हवा मिळत नाही, ती घरात तयार करावी लागते. २५ अंशांची, ९० टक्के आर्द्रतेची पावसाळी हवा ५७ अंशांपर्यंत तापवली की तिची आर्द्रता १६-१७ टक्क्यांवर येते, म्हणजे तीच हवा आता पाणी शोषू लागते. पण ती जागेवर कोंडून राहिली तर लगेच भरते. तुमच्या ओटीजीचं दार बंद असतं तेव्हा नेमकं हेच होतं.

तर आधी ओटीजी ताळ्यावर आणू. ओव्हनमध्ये ठेवायचा साधा काट्याचा थर्मामीटर आणा, त्याशिवाय पुढचं सगळं अंदाजपंचे. रिकाम्या ओव्हनमध्ये तो मधल्या रॅकवर ठेवा. काटा ‘बंद’ आणि १०० यांच्यामध्ये कुठेतरी ठेवून खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू करा, आत पंखा असेल तर तोही. दारात लाकडी उलथनं अडकवून पाच ते आठ सेंटीमीटर फट ठेवा आणि बाजूने टेबलफॅन असा लावा की वारा फटीवरून जाईल. अर्ध्या तासाने आकडा बघा. थर्मोस्टॅट चालू-बंद होत असल्यामुळे तो ५० ते ६५ मध्ये हेलकावे खाईल, तेवढं चालतं. ७५ च्या खाली येतच नसेल तर फट वाढवा. तरीही येत नसेल तर तो ओव्हन या कामाचा नाही.

दोन गोष्टी आधीच माहीत असू द्या. बऱ्याच ओटीजींचा टायमर ६० मिनिटांनी ओव्हन बंद करतो. ‘स्टे ऑन’ची खूण असेल तर तिथे ठेवा, नाहीतर दर तासाला पुन्हा फिरवत बसावं लागतं. आणि दार उघडं असताना रात्रभर चालू ठेवून झोपू नका. मूळ रॅकच्या दांड्यांमध्ये अंतर मोठं असतं, काप सुकून बारीक झाले की खाली रॉडवर पडतात आणि जळतात. त्यावर स्टीलची बारीक जाळी टाका. ताट किंवा फॉइल नको, खालून हवा लागली पाहिजे.

आता माल. महाबळेश्वर-पाचगणीची स्ट्रॉबेरी धुऊन, देठ काढून उभे सहा मिलिमीटरचे काप करा. जाडी सारखी असणं फार महत्त्वाचं. एक काप चारचा आणि एक आठचा असला की एक जळतो तेव्हा दुसरा ओला असतो. एकच थर, काप एकमेकांना न चिकटता, ५७ अंश. डीहायड्रेटरमध्ये आठ ते बारा तास लागतात, पंखा नसलेल्या ओव्हनमध्ये जवळपास दुप्पट धरा. तीन तासांनी उलटा, नाहीतर जाळीला असे चिकटतात की सोलून काढावे लागतात. रंग काळपट लाल होतो, तो खराब झाल्याची खूण नाही.

आल्याचं गणित वेगळं. त्याचा वास आणि तिखटपणा तेलात असतो, म्हणून ५० ते ५५ अंश, ६० च्या वर नको. पाण्यात भिजवून माती काढा, साल खरवडा, दोन-तीन मिलिमीटरच्या चकत्या करा. रेषेला आडव्या कापा म्हणजे दळताना तंतू अडकत नाहीत. सहा ते आठ तासांत चकती वाकवली की कटकन तुटली पाहिजे. सुंठीसाठी आठ-नऊ महिन्यांचं पक्व आलं घ्या. कोवळ्या आल्यात पाणी जास्त, उतारा कमी. अख्खं आलं वाळवण्याच्या फंदात पडू नका, साल पाणी सोडत नाही.

मेथी, कोथिंबीर, कढीपत्ता ४० अंशांच्या आसपास. ओटीजी एवढं खाली जातच नाही, पंख्याखाली कापडावर पसरलेले बरे. गवार, फरसबी, गाजर आधी उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं काढून गार पाण्यात टाका, कापडावर कोरडे करा, मग ५७-६० अंश. हे केलं नाही तर भाजीतले एन्झाइम चालू राहतात आणि दोन महिन्यांत वाळलेल्या गवताचा वास येतो. कांदा, लसूण, मिरची, आलं यांना उकळीची गरज नाही. कांदा आणि मिरची मात्र गॅलरीत वाळवा, घरभर ठसका उठतो, आणि फळांबरोबर एका वेळी लावू नका.

वाळलं की नाही हे बोटांवर सोडू नका, काट्यावर तोला. स्ट्रॉबेरीत साधारण ९१ टक्के पाणी असतं, म्हणजे ५०० ग्रॅम कापांत घट्ट माल जेमतेम ४५ ग्रॅम. २० टक्के ओलावा ठेवून वाळवलं तर ५५ ते ६० ग्रॅम उरले पाहिजेत. तुमचा काटा ९० ग्रॅम दाखवत असेल आणि काप कोरडे लागत असतील, तर त्यात अजून निम्मं पाणीच आहे! आल्यात पाणी ८० टक्क्यांच्या आसपास आणि ते १० टक्क्यांपर्यंत न्यायचं, म्हणून ५०० ग्रॅमचे ११० ते १२० ग्रॅम. रिकाम्या जाळीचं वजन आधी लिहून ठेवा.

मग बरणी. माल पूर्ण गार होऊ द्या, अर्धा ते एक तास. त्याहून जास्त वेळ पावसाळ्यात उघडा ठेवला तर सादळतो. काचेची बरणी दोन-तृतीयांश भरा, झाकण लावा आणि आठवडाभर रोज हलवा. सगळे काप एकाच वेळी सारखे वाळत नाहीत, या दिवसांत ओलावा आपसात वाटला जातो. काचेला आतून दव दिसलं की सगळं परत ओव्हनमध्ये. बुरशी दिसली तर वरचं काढून बाकीचं ठेवण्याचा मोह नको, पूर्ण बरणी फेका. उकळत्या पाण्यातून काढून वाळवलेली फरसबी-गवार घरातल्या तापमानाला तीन-चार महिने, फळं साधारण सहा महिने चांगली राहतात; एप्रिल-मेमध्ये फ्रिजमध्ये टाका. उन्हात वाळवलेल्या फळांना आधी फ्रीझरमध्ये -१८ अंशांवर ४८ तास ठेवा, किड्यांची अंडी मरतात.

आता डीहायड्रेटर. तुमच्या ओटीजीत एका वेळी अर्धा किलो काप बसतात, आणि रॉड निम्मा वेळ चालू धरला तर १५०० वॉटवर सोळा तासांचे १२ युनिट होतात. ५०० वॉटचा सहा ट्रेचा डीहायड्रेटर दीड किलो माल दहा तासांत, जास्तीत जास्त पाच युनिटमध्ये काढतो. सीझनला दोन किलो स्ट्रॉबेरी करणार असाल तर ओटीजी पुरे. शेतातलं दहा किलो आलं असेल तर घ्या, आणि पंखा मागच्या बाजूला असलेलाच घ्या. खाली पंखा असलेल्या गोल मशीनमध्ये खालचा ट्रे आधी वाळतो, दर दोन तासांनी ट्रे वर-खाली करत बसावं लागतं. तापमान ३५ ते ७० पर्यंत बदलता आलं पाहिजे. नुसतं चालू-बंद बटण असलेलं मशीन फुकट मिळालं तरी नको. मार्च-एप्रिलमध्ये सांडगे-कुरडयांसाठी मात्र गच्चीवरचं ऊन आणि वरून मच्छरदाणीचं कापड, यापेक्षा चांगलं मशीन नाही.

मायक्रोवेव्ह या कामाला वापरू नका, एकाच कापाची कड जळते आणि मध्य ओला राहतो. कच्चं मटण-चिकन या तापमानाला वाळवू नका, जंतू मरत नाहीत. आणि अर्धवट वाळलेले टोमॅटो किंवा लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवण्याचे व्हिडिओ फिरतात, ते करू नका: तेलाखाली हवा नसते, आणि बोटुलिझमच्या (जीवघेण्या अन्नविषबाधेच्या) जंतूला नेमकं तेच हवं असतं.