मेंदूच्या स्कॅनमध्ये वेदना खरोखर दिसते का?

वेदना दिसत नाही. ती होत असताना मेंदूत जे घडते त्याच्या खुणा दिसतात. मेंदूचा जो भाग अधिक काम करतो तिथला रक्तप्रवाह वाढतो आणि रक्तातील प्राणवायूचे प्रमाण बदलते. एफएमआरआय (चुंबकीय क्षेत्राच्या साहाय्याने मेंदूचे काम टिपणारे स्कॅन) हा बदल टिपते, म्हणजे मोजणी अप्रत्यक्षच असते.

अशा चित्रणातून स्पष्ट झाले, की मेंदूत वेदनेचे एकच केंद्र नाही. थॅलॅमस, स्पर्शसंवेदनेची नोंद घेणारा बाह्यक (मेंदूच्या बाहेरच्या थराचा भाग), इन्सुला आणि सिंग्युलेट बाह्यक असे अनेक भाग एकत्र सक्रिय होतात. यासंदर्भात १९९७ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग (तो पेट स्कॅनचा, म्हणजे शरीरात सोडलेल्या किंचित किरणोत्सारी द्रव्याच्या मदतीने घेतलेल्या चित्रणाचा होता) मला विशेष बोलका वाटतो. त्यात सहभागी व्यक्तींचा हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून, संमोहनाद्वारे त्यांना ती वेदना कमी किंवा अधिक त्रासदायक वाटेल अशा सूचना दिल्या गेल्या. पाणी तितकेच गरम असूनही सिंग्युलेट बाह्यकातील सक्रियता जाणवणाऱ्या त्रासाप्रमाणे बदलली, स्पर्शसंवेदनेच्या प्राथमिक भागातील मात्र तशी बदलली नाही. वेदनेची तीव्रता आणि तिचा त्रास या दोन गोष्टी मेंदू काही अंशी वेगळ्या हाताळतो, असा याचा अर्थ.

तरीही एखाद्याचे दुखणे खरे की खोटे, हे स्कॅनवरून ठरवता येत नाही. यांतील बरेच भाग अचानक झालेल्या मोठ्या आवाजानेही सक्रिय होतात. त्यामुळे 'स्कॅनमध्ये काही आले नाही' म्हणून रुग्णाच्या सांगण्यावर अविश्वास दाखवणे शास्त्रीयदृष्ट्या चुकीचे ठरते.