वाचकांचे प्रश्न : अर्नाळ्याच्या बेटावर एक दिवस

प्रश्न : आम्ही शाळेतल्या सहा मैत्रिणी, सगळ्या आता साठीच्या आसपास. हिवाळ्यात एक दिवस अर्नाळ्याच्या बेटावर जाऊन यावे असे ठरत आहे. दिवस कोणता निवडावा? एकीचे गुडघे दुखतात, तिला नेणे योग्य ठरेल का? शिवाय तेथे जिकडेतिकडे मासळी वाळत असते; अशा ठिकाणी आपण फिरलेले गावकऱ्यांना चालते का?
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर : तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर एकच असून ते पंचांगात मिळेल. विरार स्थानकावरून बस किंवा रिक्षाने अर्नाळ्याला पोहोचलात की बेट समोरच दिसते आणि होडीचा प्रवास काही मिनिटांचाच आहे. परंतु वैतरणेच्या मुखाजवळचा हा किनारा उथळ असल्यामुळे ओहोटीला पाणी दूरवर हटते, आणि मग होडी गाठण्यासाठी ओल्या वाळूतून बरेच चालून पाण्यात उतरावे लागू शकते. आमच्या गटातील एका ज्येष्ठ मैत्रिणीला परतताना या अंतराचा फार त्रास झाला होता, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे.

भरतीची वेळ काढण्याची किनाऱ्यावरची जुनी रीत सोपी आहे. तिथीच्या आकड्याची पाऊणपट करावी. येईल तो भरतीचा तास. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास भरती आणि दुपारी बाराला पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. तुमच्यासाठी हा दिवस गैरसोयीचा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा येते, प्रतिपदेला दुपारचा पाऊण. याचा अर्थ असा की पौर्णिमा-अमावास्येला किंवा त्यांच्या दुसऱ्या दिवशी, प्रतिपदेला, सकाळी साडेनऊच्या सुमारास जाऊन दुपारी दोनपर्यंत परत निघालात, तर दोन्ही वेळा होडीखाली पुरेसे पाणी असेल. हे गणित ढोबळ आहे, त्यात पाऊण तासाचा फरक सहज पडतो. तेव्हा किनाऱ्यावर पोहोचताच परतीची वेळ होडीवाल्यांकडून पक्की करून घ्यावी आणि ती पाळावी. एवढे सांभाळले तर गुडघे दुखणाऱ्या मैत्रिणीला अवश्य न्यावे. होडीत चढता-उतरताना दोघींनी तिच्या आधाराला असावे.

याच तिथींना बेटावर जाण्याचे आणखी एक कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. येथील कोळी बांधवांची पारंपरिक मासेमारी डोलीची आहे. डोल म्हणजे समुद्रात खुंटांना बांधून प्रवाहाच्या तोंडावर धरलेले, पिशवीसारखे निमुळते होत जाणारे लांब जाळे. ते ओढत न्यायचे नसते, भरती-ओहोटीची ओढच मासळी त्यात आणून टाकते. साहजिकच पौर्णिमा-अमावास्येच्या उधाणात ओढीला जोर असतो आणि जाळी भरतात, तर अष्टमीच्या आसपास भांगाच्या, म्हणजे कमी जोराच्या भरती-ओहोटीच्या, दिवसांत काम मंदावते. ज्या तिथी तुम्हाला होडीसाठी सोयीच्या, त्याच तिथींना गाव सर्वाधिक कामात असते. ते काम पाहणे हेच बेटावर जाण्याचे खरे प्रयोजन, असे मी मानते.

आता तिसरा प्रश्न. बांबूच्या वलांडींवर बोंबील वाळत घातलेले दिसतील; दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून जोडी करतात आणि ती जोडी दोरीवर टाकतात. जवळा मात्र जमिनीवर पसरलेला असतो. शेतकऱ्याच्या खळ्यावरील धान्यातून आपण जसे चपला घालून चालणार नाही, तसेच येथे कडेकडेने जावे, वलांडीला हात लावू नये आणि छायाचित्र काढण्यापूर्वी काम करणाऱ्या मावशींना विचारावे. विचारून वागणाऱ्या पाहुण्याशी येथील बायका मोकळेपणाने बोलतात, असा माझा अनुभव आहे. होडी ही बेटावरच्या लोकांची रोजची वाट असल्याने बाजाराला निघालेल्या बायकांना आणि शाळेच्या मुलांना आधी चढू द्यावे.

किल्ल्यासाठी तासभर ठेवा. पोर्तुगीजांकडून हे ठाणे मराठ्यांनी 1737 साली घेतले आणि त्यानंतर किल्ल्याची नव्याने बांधणी झाली. उत्तरेच्या दरवाजावर हत्ती व वाघांची शिल्पे आहेत आणि बाजीरावांचे नाव असलेला मराठी शिलालेखही आहे, तो थांबून वाचावा. आत अष्टकोनी तळे आणि त्र्यंबकेश्वराचे मंदिर आहे. तटावर चढण्याचा आग्रह मैत्रिणीला करू नये; ती तळ्याकाठी बसेल आणि बाकीच्यांनी वर जाऊन यावे. दक्षिणेला किल्ल्यापासून सुटा उभा असलेला गोल बुरूज लांबून पाहिला तरी पुरे.

पिण्याचे पाणी घरून न्यावे आणि रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात. सुके बोंबील घ्यायचे असल्यास बेटावरच घ्या, पण निघण्याच्या घाईत नव्हे. पोहोचल्यावरच सांगून ठेवले तर मावशी चांगले वाळलेले निवडून, बांधून ठेवतील.