विज्ञानकथेतला हॅकर: वाचकांचे प्रश्न

प्रश्न (दारव्हा, जि. यवतमाळ): माझ्या कथेतला हॅकर जिनिंगच्या हिशेबाच्या संगणकाचा सहा आकडी पासवर्ड फोडतो. पडद्यावर एकेक आकडा जुळत जातो. चालेल का?

उत्तर: नाही. एकेक आकडा जुळल्याचं कळत गेलं, तर फार तर 60 प्रयत्नांत काम होईल. संगणक मात्र सहाही आकडे एकदम तपासतो आणि बरोबर की चूक एवढंच सांगतो. म्हणून शक्यता 10 लाख. त्यातही बहुतेक ठिकाणी काही चुकांनंतर खातं बंद होतं. त्यामुळे जाणता हॅकर पासवर्ड साठवलेली फाईलच पळवतो. तिच्यात पासवर्ड नसतात, त्यांचे हॅश असतात, म्हणजे पासवर्डवरून गणितानं काढलेली, उलट न फिरवता येणारी खूण. एक आकडा बदलला की अख्खा हॅश बदलतो. मग आपल्या लॅपटॉपवर सगळ्या आकड्यांचे हॅश काढून जुळवत बसायचं, तिथं अडवणारं कोणी नाही. मुद्दाम संथ ठेवलेल्या हॅशला प्रत्येकी सेकंदाचा दहावा भाग लागला, तर 10 लाखांना सुमारे 28 तास. गावात तेवढा वेळ लाईन टिकेल का? कथेतला ताण इथं आहे, तो वापरा.

प्रश्न (चिखली, जि. बुलडाणा): एखाद्या चित्रपटात खरं हॅकिंग दाखवलंय का?

उत्तर: हो, 2003च्या 'द मॅट्रिक्स रीलोडेड'मध्ये. त्यातली नायिका ट्रिनिटी आधी एनमॅप (संगणकाची कोणती पोर्ट, म्हणजे दारं, उघडी आहेत ते शोधणारं साधन) चालवते, पोर्ट 22 उघडं सापडतं, मग त्या पोर्टवरच्या एसएसएचमधला (दुरून संगणक चालवायची सोय) 2001 साली उघड झालेला दोष वापरते. काही सेकंदांचंच दृश्य, पण क्रम अगदी खरा.

प्रश्न (वडसा, जि. गडचिरोली): झाडीपट्टीच्या नाटकात हॅकर आणायचाय. ग्राफिक्स परवडत नाहीत.

उत्तर: लागतही नाहीत. एक मोबाईल पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर सरकारी योजनेच्या नावानं एपीके फाईल (मोबाईलमध्ये अ‍ॅप बसवणारी) येते. काका ती उघडतात, 'अनोळखी स्रोत' चालू करतात, एसएमएस वाचायची परवानगी देतात. आता ओटीपी काकांच्या आधी चोराला दिसतो. हॅकरला रंगमंचावर येऊच देऊ नका, नुसता गोड आवाज ठेवा: "काका, फक्त 'अलाऊ' दाबा." प्रेक्षकांतल्या कितीतरी जणांनी असा फोन घेतलेला असेल. पुढच्या प्रवेशात पुतणीची धावपळ दाखवा: आधी त्या मोबाईलचं नेट बंद, लगेच दुसऱ्या मोबाईलवरून 1930 (सायबर फसवणुकीची मदतवाहिनी) आणि बँक. एपीके घाईनं पुसू नये, पोलिसांना तोच पुरावा लागतो.