केकवर पहिल्यांदाच आयसिंगची फुलं काढायची आहेत, सोपी कोणती?

रोझेटपासून सुरू करा. पायपिंग बॅगेला, म्हणजे क्रीम भरायच्या कोनासारख्या पिशवीला, १एम नोझल (चांदणीच्या आकाराचं मोठं टोक) लावा, पिशवी केकवर सरळ उभी धरा, मधोमध ठिपका सोडा आणि त्याच्याभोवती एक वेढा द्या. वेढा संपत आला की आधी हाताचा दाब सोडा, मगच नोझल उचला, नाहीतर शेपूट राहते. बस्स, गुलाबासारखं फूल तयार! त्याहून सोपं हवं असेल तर ड्रॉप फ्लॉवर: २डी नोझल (दाते आत वळलेलं चांदणीचं टोक) टेकवून दाबताना मनगट जरासं वळवायचं, मध्ये साखरेचा एक मणी ठेवायचा.

खरी मेख क्रीममध्ये आहे. व्हिप्ड क्रीम गार हवं, भांडंसुद्धा. बीटर उचलल्यावर टोक ताठ उभं राहिलं की थांबा. जास्त फेटलं तर पाकळ्यांच्या कडा फाटतात, फूल खरबरीत दिसतं. पिशवी अर्धीच भरा, कारण हाताच्या उबेनं क्रीम सैल पडतं. उन्हाळ्यात तर मध्येमध्ये फ्रीजमध्ये ठेवाच.

सराव केकवर नको. स्टीलच्या ताटात काढा, खरवडून पुन्हा पिशवीत भरा. माझा हात वीस-पंचवीस फुलांनंतर बसला.

एकेक पाकळी लावून करायचा गुलाब मात्र आत्ता नको, त्याला फ्लॉवर नेल (चपट्या डोक्याचा खिळा, ज्यावर फूल फिरवत काढतात) आणि घट्ट बटरक्रीम (लोणी-साखरेचं क्रीम) लागतं.