रडू येतं म्हणजे विश्वास कमी पडतो का?

"ताई, अजून रडू येतं. माझा विश्वास कच्चा आहे का?" नगरमध्ये समुपदेशन करताना ख्रिस्ती घरांतून हा प्रश्न मला सतत ऐकू येतो. कुणाचा नवरा गेलेला असतो, कुणाची आई, प्रश्न तोच.

एका शिक्षिकाबाईंचं सांगते (ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत). तरुण मुलगा अपघातात गेला. सांत्वनाच्या प्रार्थनासभेत त्यांनी न रडता साक्ष दिली, म्हणजे देवावरचा आपला विश्वास सगळ्यांसमोर बोलून दाखवला. चर्चच्या मंडळीनं वाखाणणी केली. आणि त्यानंतर त्यांना घरी प्रार्थनाच करता येईना.

"डोळे मिटले की रागच येतो."

"कुणाचा?"

त्यांनी नुसतं वर बोट दाखवलं.

"मग त्याला तसं सांगितलंत?"

"छे! पौलानं लिहिलंय ना, खेद करू नका."

मी त्यांनाच बायबल उघडायला लावलं. येशूचा प्रेषित पौल याचं थेस्सलनीकाकरांस पहिलं पत्र, अध्याय ४, वचन १३. ज्यांना आशा नाही त्यांच्यासारखा खेद करू नये, असं पौल म्हणतो. खेदच करू नये, असं नव्हे. भेटायला येणारी माणसं अर्धंच वचन सांगून जातात आणि उरलेलं ओझं घरच्यांवर पडतं.

पुढच्या भेटीत त्यांना बायबलमधलं ८८ वं स्तोत्र मोठ्यानं वाचायला सांगितलं. बहुतेक विलापस्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. परमेश्वरा, तू तोंड का लपवतोस, इथे त्यांचं बोट थांबलं. तीच ओळ पुन्हा वाचली, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत पोचेल अशा आवाजात. मग पुस्तक मिटून म्हणाल्या, "तू कुठे होतास त्या दिवशी?" हे मला विचारलेलं नव्हतं. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळानं डोळे पुसत म्हणाल्या, "अहो, ही प्रार्थनाच झाली की!"

मी हा मार्ग अनेकांना दाखवला आहे आणि तो सहसा फसत नाही. कारण राग दाबला की ज्याच्यावर राग आहे त्याच्याशी बोलणंच तुटतं. मग ती शांती नव्हे, अबोला. बेथानीच्या मार्था आणि मरिया दोघींनी येशूला तोंडावर ऐकवलं की तू इथे असतास तर आमचा भाऊ मेला नसता. तो रागावला नाही. त्या भावाला, लाजराला, आपण मेलेल्यांतून उठवणार हे ठाऊक असूनही तो रडला. पुनरुत्थानाची आशा आणि डोळ्यांतलं पाणी एकत्र राहू शकतं, हे याहून स्पष्ट कुठे सांगितलंय?

तेव्हा घाईनं साक्ष देऊ नका. विलापस्तोत्रं वाचा, तीही आवाज काढून. गेलेल्याचं नाव घरात घेत राहा. विसरणं म्हणजे सावरणं असं मी मानत नाही. उपासनेत गाणं जमत नसेल तर नुसतं बसा, इतर जण गातील.

भेटायला जाणाऱ्यांनी बायबलमधल्या, सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र आठवावेत. सात दिवस, सात रात्री ते नुसते जमिनीवर बसून राहिले, तोवर सगळं ठीक होतं. बिघडलं ते तोंड उघडल्यावर! "प्रभूची इच्छा" म्हणण्यापेक्षा डबा घेऊन जा.

मात्र झोप-जेवण तुटलं असेल, जगू नये असं वाटत असेल, तर पाळकांइतकीच (चर्चच्या धर्मगुरूंइतकीच) डॉक्टरांचीही गरज आहे. त्या बाईंनी काही महिने औषध घेतलं, प्रार्थनाही चालू ठेवली. राग अजून येतो म्हणतात. पण आता तो सांगतात, ज्याला सांगायचा त्यालाच.