अंगणात उरलेले झाडांचे बुंधे मुळासकट कसे काढावेत? ॲसिड ओतू की जेसीबी बोलावू?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकला इंदिरानगरमध्ये तुमचा जुना बंगला आहे. पडायला आलेला गुलमोहर आणि कंपाउंडलगतची सुबाभूळ तुम्ही परवानगी काढून तोडलीत. दोन्हींचे बुंधे फूट-दीड फूट वर उभे आहेत आणि तिथे गाडी लावायला जागा करायची आहे. कोणी ॲसिड ओता म्हणतं, कोणी हिंग भरा म्हणतं, कोणी जेसीबी बोलवायला सांगतं.

मी नाशिकमध्ये बंगल्यांच्या बागांची कामं घेतो, त्यात बुंधे काढणं नेहमीचंच असतं. माझं म्हणणं असं की ॲसिड नको, हिंग नको आणि बंगल्याच्या अंगणात जेसीबीही शक्यतो नको. दोन कसलेली माणसं, भरपूर पाणी आणि योग्य वेळ, एवढ्यात काम होतं. मात्र दोन्ही बुंध्यांना एकच उपाय लावू नका. गुलमोहर आणि सुबाभूळ यांची मुळं वेगळी, लाकूड वेगळं आणि तोडल्यानंतरचं वागणंही वेगळं.

आधी कागदाचं सांगतो. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ प्रमाणे शहरात स्वतःच्या अंगणातलं झाड तोडायलाही परवानगी लागते. तुम्ही ती काढलीत हे उत्तम केलंत. ते पत्र बुंधे निघेपर्यंत हाताशी ठेवा, कारण कुऱ्हाडीचा आवाज आला की चौकशी होते आणि ती व्हायलाच हवी. हा प्रश्न इतरही वाचतील म्हणून लिहितो: झाड जाळणं किंवा त्याला इजा करणं हेसुद्धा या कायद्यात तोडण्यातच धरलं आहे. उभ्या झाडाच्या खोडात भोक पाडून हिंग किंवा ॲसिड भरायचा सल्ला देणारे लोक तुम्हाला गुन्हा करायला सांगत असतात.

आता वेळ. आपल्याकडची काळी माती एप्रिल-मे महिन्यात दगडासारखी होते, पहार नुसती टणकन उडते. भर पावसात तीच माती फावड्याला अशी चिकटते की माणूस माती उचलण्यापेक्षा फावडं खरवडण्यातच दमतो. वाफसा आला, म्हणजे माती ओलसर असली पण चिकटत नसली, की खणायचं. जूनअखेरीस चांगला पाऊस होऊन दोन-चार दिवस उघडीप मिळते तेव्हा, किंवा परतीचा पाऊस संपल्यावर दिवाळीच्या आसपास. एवढं थांबायचं नसेल तर बुंध्याभोवती मोठं आळं करून लागोपाठ दोन संध्याकाळी ते पाण्याने भरा आणि मधे एक दिवस सोडून खणायला घ्या.

खणण्याआधी जमिनीखाली काय काय आहे ते आठवा. पाण्याची टाकी, ड्रेनेजचे चेंबर, बोअरच्या मोटरची केबल, असेल तर गॅसची पाइपलाइन. जुन्या बंगल्यांत ड्रेनेजला बहुतेक चिनी मातीचे पाइप असतात आणि त्यांच्या सांध्यांत मुळं शिरलेली असतात. असं मूळ जोर लावून ओढलं तर पाइपही सोबत येतो. चेंबरचं झाकण उघडून आत बारीक मुळांचा झुपका दिसतो का बघा. दिसला तर त्या बाजूचं मूळ ओढायचं नाही, कापायचं.

गुलमोहरापासून सुरुवात करा. त्याची मुळं खोल कमी जातात, आडवी फार पसरतात. नाशिकमध्ये अनेक भागांत दोन-तीन फुटांवर मुरूम लागतो, तिथे तर ती आणखीच आडवी धावतात. बुंध्यापासून दोन-अडीच फुटांवर गोल आखून फूटभर खोल चर खणा. अंगठ्यापेक्षा जाड मुळं एकेक करून उघडी पडायला लागतील.

काम अडतं ते याच टप्प्यावर, म्हणून हे नीट सांगतो. मूळ दिसलं की लगेच कुऱ्हाड चालवायची नाही. त्याच्या खालची माती खुरप्याने काढत जायची, मुळाखालून हात आरपार जाईपर्यंत. मग त्यावरचे खडे आणि मुरूम पाण्याने धुवून टाकायचे. धुतल्यावर साल स्वच्छ दिसते, आतला पांढरा भाग कुठे जिवंत आहे, कुठे कुजला आहे ते कळतं आणि कुऱ्हाडीची धार दगडावर जात नाही. नंतर प्रत्येक मूळ दोन ठिकाणी कापायचं, एकदा चराच्या बाहेरच्या कडेला आणि एकदा बुंध्यालगत, म्हणजे मधला हातभर तुकडा उचलून बाहेर काढता येतो. एकाच जागी कापलं तर मुळाची दोन्ही तोंडं एकमेकांना टेकून राहतात. मग बुंधा हलत नाही, आणि खाली अजून मोठं मूळ असणार म्हणून माणसं उगाच खोल खणत बसतात.

चेनसॉ मातीत घालू देऊ नका. मातीने चेनचे दात लगेच बोथट होतात आणि दगड लागला तर यंत्र चालवणाऱ्याच्या अंगावर उसळतं. जमिनीखाली कुऱ्हाड आणि जुनी हातकरवतच बरी.

आपल्या जिल्ह्यात एक मोठी सोय आहे. निफाड, दिंडोरी, पिंपळगावकडे द्राक्षबागा असलेले नातेवाईक बहुतेकांना असतात आणि त्यांच्याकडे फवारणीचा एचटीपी पंप, म्हणजे जोराच्या दाबाने पाणी मारणारा पंप असतो. त्याच्या गनने बारीक धार मारली की मुळांच्या बेचक्यांत अडकलेली माती भराभर सुटते. पंप मात्र आतून-बाहेरून स्वच्छ धुतलेला हवा, त्यात औषधाचा अंश नको. खड्ड्यात साचलेला गाळ बादलीने उपसत राहावं लागतं, पण टिकावाने खणण्याच्या मानाने हे काम निम्म्या कष्टात होतं. पाइपजवळ तर हाच मार्ग सुरक्षित.

सगळी आडवी मुळं सुटली की दोन पहारी एका बाजूने खाली घालून बुंधा हलवून बघा. डुलायला लागला की काम झालंच. चेन-पुली लावायची असेल तर दुसऱ्या टोकाला कंपाउंडचा खांब किंवा गेटचा पिलर धरू नका, बुंध्याआधी तोच बाहेर येतो. ट्रॅक्टरने किंवा गाडीने ओढू नका. दोर तुटून माणसाला लागतो, आणि साखळी उंचावर बांधली असेल तर ट्रॅक्टर मागे उलटतो. ज्यांचं झाड अजून तोडायचं आहे त्यांनी खोड छातीइतकं उंच ठेवायला सांगावं. मुळं सुटल्यावर त्याच खोडाला धरून ढकललं तर बुंधा सहज आडवा होतो. तोडणारे लोक दिसायला बरं म्हणून जमिनीसरसा कापतात आणि पुढचं काम अवघड करून ठेवतात.

गुलमोहराच्या बुंध्यावर कपाटाच्या फळीसारखी, तांबूस-तपकिरी चकचकीत कडक अळंबी आली आहे का बघा. ती गॅनोडर्मा बुरशी असू शकते. गुलमोहर पडायला येण्याचं ते एक नेहमीचं कारण आहे, आतून मुळंच कुजलेली असतात. तसं असेल तर बुंधा काढायला सोपा जाईल, पण कुजक्या मुळांचे तुकडेही वेचून काढा आणि त्या जागी पुन्हा गुलमोहर लावू नका.

सुबाभळीचं तंत्र वेगळं. तिचं सोटमूळ सरळ खाली जातं आणि लाकूड चिवट. शिवाय ती तोडून मरत नाही. पावसाचे चार थेंब पडले की बुंध्यावर फुटव्यांचा झुबका उभा राहतो. शेवगा आणि निलगिरीही अशीच फुटतात. तिथे गोल चर खणण्यापेक्षा भिंतीच्या विरुद्ध बाजूने अरुंद पण खोल खड्डा घ्या, दोन फुटांवर सोटमूळ गाठा आणि तिथे कापा. त्याखालचा भाग जमिनीतच कुजू द्या. खोड आणि मूळ जिथे जुळतात तो मानेचा भाग मात्र निघालाच पाहिजे, कारण फुटवे येणारे डोळे तिथेच असतात. कंपाउंडच्या पायाखाली गेलेलं मूळ ओढून काढू नका, भिंतीच्या तोंडाशी कापून सोडा. ओढलंत तर पायाखाली पोकळी राहील आणि पुढच्या पावसात भिंतीला तडा जाईल.

सुबाभूळ खणायला जमतच नसेल तर बुंध्याची साल जमिनीखाली वीतभर सोलून काढा, वर मल्चिंग पेपरचे, म्हणजे शेतात अंथरतात त्या प्लास्टिकचे, दोन-तीन थर घट्ट बांधून मातीने दाबा आणि कडेने फुटवा दिसला की कोवळा असतानाच मोडा. मुळांत साठवलेलं अन्न संपेपर्यंत ती फुटत राहते. एक पावसाळा चिकाटीने हे केलं की जोर ओसरतो. आसपास तिच्या शेंगा पडल्या असतील तर रोपंही उगवत राहतील, तीही लहान असतानाच उपटा.

आता औषधांचं. ॲसिड लाकडाचा वरचा थर काळा करतं, मुळापर्यंत पोचत नाही. वाफा मात्र तुमच्या छातीत जातात, आणि झिरपलेलं ॲसिड काँक्रीट आणि लोखंडी पाइप खातं. मीठ ओतलं तर तिथे पुढची काही वर्षं धड गवत उगवत नाही. डिझेल किंवा जळकं ऑइल ओतणाऱ्यांच्या अंगणात बहुधा बोअरही असते, याचा विचार त्यांनी करावा. तोडलेल्या बुंध्यात हिंग भरणं म्हणजे हिंग वाया घालवणं. राहिलं ग्लायफोसेट हे तणनाशक. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये अधिसूचना काढून त्याचा वापर कीड नियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांपुरता मर्यादित केला. शिवाय एकाच जातीच्या शेजारच्या झाडांची मुळं जमिनीत जुळलेली असू शकतात, त्यांतून ते जगवायच्या झाडापर्यंतही जातं. घराच्या अंगणात मी ते वापरत नाही.

युरिया किंवा पोटॅशियम नायट्रेट, म्हणजे आपले बागाईतदार वापरतात ते १३-०-४५, हे लाकूड विरघळवत नाही. लाकडात कार्बन भरपूर आणि नत्र अगदी कमी, म्हणून बुरशीची वाढ संथ होते. नत्र आणि ओल मिळाली की कुजणं वेग धरतं. बुंध्यात वरून इंचभर रुंद, आठ-दहा इंच खोल भोकं पाडा, युरिया भरा, पाणी घाला, वर ओलं गोणपाट आणि शेणमाती. गोणपाट कधी सुकू द्यायचं नाही. एवढं करूनही गुलमोहरासारख्या मऊ लाकडाला दोनेक पावसाळे द्यावे लागतात, बाभूळ-कडुनिंबाला त्याहून कितीतरी जास्त. तुम्हाला गाडी लावायची आहे, म्हणजे हा मार्ग तुमचा नाही. बुंधा पेटवूनही देऊ नका. पोटॅशियम नायट्रेट भरलेला तर नाहीच. आग मुळांतून धुमसत लांबवर जाते, आणि उघड्यावर कचरा जाळण्याला राष्ट्रीय हरित लवादाने २०१६ मध्ये पाच हजार रुपये दंड ठरवला आहे.

जेसीबी मोकळ्या प्लॉटवर उत्तम. बंगल्यात त्याला गेटमधून यायला, वळायला आणि हात उचलायला जागा लागते, वर वीजेच्या तारा असतात, खाली टाकी असते. एका घरी आमच्याआधी बोलावलेल्या जेसीबीने बुंधा काही मिनिटांत काढला आणि त्यासोबत ड्रेनेजची अख्खी लाइन, शहाबादी फरशी आणि शेजारच्या आंब्याची निम्मी मुळंही नेली. स्टंप ग्राइंडर भाड्याने मिळाला तर चांगलं यंत्र आहे, पण तो बुंधा जमिनीखाली वीत-दीड वीतच किसतो, खालची मुळं राहतात.

खड्डा भरण्यात घाई नको, विशेषतः वर गाडी उभी राहणार असेल तर. लाकडाचे तुकडे आणि भुसा पूर्ण काढा, तो पुढे कुजून जमीन खचवतो. सहा-सहा इंचांचे मुरमाचे थर टाका, प्रत्येक थर ओला करून धुमसाने ठोका. वर खडी पसरून त्यावर गाडी लावायला लागा, पेव्हर ब्लॉक मात्र एक पावसाळा गेल्यावरच बसवा. रिकामा खड्डा पावसात उघडा ठेवू नका, डासांची पैदास तर होतेच, लहान मूल पडायचीही भीती.

घराच्या भिंतीकडेही लक्ष ठेवा. मोठं झाड रोज जमिनीतलं पाणी ओढत असतं. ते गेलं की काळ्या मातीत ओल वाढते, माती फुगते आणि जोत्याला किंवा फरशीला बारीक तडे जाऊ शकतात. तडा दिसला तर लगेच बुजवून रंगवू नका, एक पावसाळा आणि एक उन्हाळा जाऊ द्या. तडा वाढतच राहिला तर इंजिनिअरला दाखवा.

माणसांना काम रोजावर न देता उक्तं द्या, आणि ठरवतानाच बुंधा फोडणं, उचलून नेणं आणि खड्डा भरणं त्यात धरा. नाहीतर बुंधा वर काढून ते निघून जातात आणि तुमच्या दारात दोन-तीन क्विंटलचं धूड पडून राहतं. पाचर आणि घणाने तो खड्ड्याच्या काठावरच फोडायला सांगा, गुलमोहर ओला असताना बरा फुटतो.

आणि परसातही एखादा बुंधा असेल, घरापासून लांब, कोणाच्या वाटेत न येणारा, तर तो राहू द्या. घराच्या लाकडी चौकटींपासून दूर असला की वाळवीची चिंता नाही, आणि उंच वाळकं खोड असेल तर त्यात तांबट घर कोरतो. फक्त नारळाचा बुंधा असा ठेवू नका. कुजक्या नारळात गेंड्या भुंग्याच्या अळ्या वाढतात आणि आसपासचे चांगले नारळ जातात.

सुबाभूळ भिंतीपासून किती फुटांवर आहे आणि ड्रेनेजचं चेंबर कोणत्या बाजूला आहे तेवढं मोजून कळवा, म्हणजे खड्डा नेमका कुठून घ्यायचा ते सांगतो.