वाचकांचे प्रश्न : जैवतेल सुधारताना उत्प्रेरक का मंदावतो?

प्रश्न : लाकूड किंवा शेतीतील अवशेषांपासून मिळणाऱ्या जैवतेलातून ऑक्सिजन काढून टाकणारे उत्प्रेरक काही तासांतच मंदावतात, असे वाचनात आले. उत्प्रेरक अभिक्रियेत खर्च होत नाही, असे आम्ही शिकलो होतो. मग असे का घडते?

उत्तर : आपण शिकलेली व्याख्या बरोबर आहे, परंतु ती केवळ मुख्य अभिक्रियेपुरती आहे. त्याच पृष्ठभागावर सोबतीने ज्या उपअभिक्रिया चालतात, त्यांचे कार्बनयुक्त अवशेष (यालाच कोक म्हणतात) तेथेच साचतात आणि उत्प्रेरकाची सक्रिय स्थाने झाकून टाकतात. जैवतेलाच्या बाबतीत हे विशेष वेगाने घडते, कारण हा कच्चा माल खनिज तेलाहून मुळातच वेगळा आहे. हवेच्या अनुपस्थितीत वनस्पतिजन्य पदार्थ सुमारे ५०० अंश सेल्सिअसपर्यंत झपाट्याने तापवून त्यांची वाफ तत्काळ थंड केली, की जे गडद द्रव मिळते त्यात वजनाने साधारण ३५ ते ४० टक्के ऑक्सिजन आणि १५ ते ३० टक्के पाणी असते, आणि त्याचा सामू २ ते ३ इतका आम्लधर्मी असतो. ॲसिटिक आम्ल, फरफ्युरल, शर्कराजन्य संयुगे, फीनॉल, ग्वायाकॉल अशी शेकडो संयुगे त्यात एकत्र नांदतात.

कोणते संयुग किती कोक तयार करील, याचा अंदाज एका सोप्या गुणोत्तरावरून घेता येतो. संयुगातला सगळा ऑक्सिजन पाण्याच्या रूपाने निघून जाईल असे मानायचे, त्यासाठी लागणारे हायड्रोजनचे अणू वजा करायचे आणि उरलेल्या हायड्रोजनला कार्बनच्या अणुसंख्येने भागायचे. मिथेनॉलसाठी हे उत्तर २ येते, फीनॉलसाठी ०.६७, ग्वायाकॉलसाठी ०.५७, तर ॲसिटिक आम्ल आणि ग्लुकोज यांच्यासाठी शून्य. झेडएसएम-५ या झिओलाइटवर (सिलिकॉन व ॲल्युमिनियमच्या सूक्ष्मछिद्री स्फटिकी उत्प्रेरकावर) हे मूल्य साधारण १ च्या खाली असलेला कच्चा माल सोडला, तर उत्प्रेरक लवकर निकामी होतो असा अनुभव आहे. हायड्रोजनची उणीव असलेल्या रेणूंना ऑक्सिजन सोडल्यावर एकमेकांशी जोडले जाऊन अनेक वलयांचे जड रेणू बनण्याखेरीज फारसा मार्ग उरत नाही, आणि झेडएसएम-५ ची छिद्रे जेमतेम ०.५५ नॅनोमीटर रुंद असल्यामुळे असा जड रेणू आत तयार झाला तर बाहेर पडू शकत नाही. छिद्राच्या तोंडाशी तयार झाला तर आतली शाबूत स्थानेही निरुपयोगी ठरतात.

या गुणोत्तरावर पूर्ण विसंबून राहू नये, कारण रेणूची रचनाही तितकीच महत्त्वाची असते. ग्वायाकॉलमध्ये ऑक्सिजनचे दोन गट शेजारीशेजारी असतात. त्यापासून बनणारे कॅटेकॉल ॲल्युमिनाच्या (उत्प्रेरकाला आधार म्हणून वापरल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या) आम्लधर्मी स्थानांना दोन्ही टोकांनी घट्ट धरून ठेवते आणि तेथेच त्याचे कोकमध्ये रूपांतर होते. अल्डिहाइड आणि फीनॉल तर नुसत्या उष्णतेने, उत्प्रेरकाविनाही, एकमेकांशी जोडले जातात. म्हणूनच जैवतेल एकदम ३५० अंशांच्या पुढच्या टप्प्यात न पाठवता आधी सौम्य तापमानाला हायड्रोजनच्या दाबाखाली त्यातील अतिक्रियाशील गट शांत करून घेतात. मला हा उपाय नव्या उत्प्रेरकाच्या शोधापेक्षाही मोलाचा वाटतो.

प्रश्न : साचलेला कोक जाळून टाकला की उत्प्रेरक पूर्ववत होतो का?

उत्तर : मंदावण्याचे कारण केवळ कोक असेल, तर बहुतांशी होतो. खनिज तेलाच्या भंजनात, म्हणजे त्यातले मोठे रेणू तोडण्यात, हे तंत्र १९४२ पासून औद्योगिक प्रमाणावर सतत वापरले जाते : उत्प्रेरकाची भुकटी अभिक्रियेच्या नळीतून पुनरुज्जीवनाच्या पात्रात जाते, तेथे हवेत कोक जळतो आणि त्या ज्वलनाची उष्णता घेऊन भुकटी पुन्हा कामाला लागते.

परंतु जाळण्याच्या क्रियेतही हानी होऊ शकते. एक किलो कार्बन पूर्ण जळताना सुमारे ३३ मेगाज्यूल उष्णता देतो, त्यामुळे स्थिर थरात हवा एकदम सोडली तर थराच्या आतले तापमान मापकावर दिसते त्याहून कितीतरी वर जाते. निकेलसारख्या धातूचे सूक्ष्म कण वितळणबिंदूच्या निम्म्या निरपेक्ष तापमानाच्या आसपास, म्हणजे ५९० अंश सेल्सिअसच्या सुमारास, सरकून एकत्र येऊ लागतात आणि हे नुकसान साध्या ज्वलनाने भरून निघत नाही. कोकमधल्या हायड्रोजनपासून वाफही निर्माण होते आणि तप्त वाफ झिओलाइटच्या चौकटीतून ॲल्युमिनियम बाहेर काढते. त्यासाठी आधी नायट्रोजनने सैल पदार्थ वाहून न्यावेत, मग नायट्रोजनमध्ये एक-दोन टक्के ऑक्सिजन मिसळून तापमान हळूहळू ५०० ते ५५० अंशांपर्यंत न्यावे, ही सावधगिरी आवश्यक आहे.

याखेरीज काही कारणांवर ज्वलन हा उपायच नव्हे. वनस्पतीतले पोटॅशियम झिओलाइटच्या आम्लस्थानांवर बसते. कोक वायू होऊन जातो, पोटॅशियम मात्र तेथेच राहते आणि प्रत्येक फेरीगणिक वाढत जाते. अमोनियम क्षाराच्या द्रावणाने धुऊन, नंतर तापवून आम्लस्थाने परत मिळवता येतात; पण पोटॅशियमचे हे क्षार प्रामुख्याने वनस्पतिजन्य पदार्थ तापवताना उरणाऱ्या कोळशाच्या बारीक कणांबरोबर येत असल्याने जैवतेलाची तप्त वाफ आधीच गाळून घेणे अधिक शहाणपणाचे. गरम पाण्यात गॅमा ॲल्युमिनाचे (ॲल्युमिनाच्या एका सच्छिद्र रूपाचे) बोहमाइट हे जलयुक्त संयुग बनते आणि पृष्ठफळ घटते. कोबाल्ट-मॉलिब्डेनमचे सल्फाइड उत्प्रेरक जाळल्यास ऑक्साइड बनतात, म्हणून त्यांना हायड्रोजन सल्फाइड देऊन पुन्हा सल्फाइड करावे लागते. कार्बनवर बसवलेल्या रुथेनियमच्या बाबतीत तर कोकबरोबर आधारही जळून जाईल.

प्रश्न : माझ्या पदव्युत्तर प्रकल्पात ग्वायाकॉलचे रूपांतरण आठ तास १०० टक्के राहिले. उत्प्रेरक स्थिर आहे असे लिहावे का?

उत्तर : एवढ्या पुराव्यावर लिहू नये. उत्प्रेरक गरजेहून जास्त असेल, तर थराचा पुढचा भाग निकामी झाला तरी मागचा भाग उरलेले काम करतो आणि मापन १०० टक्केच दिसते. उत्प्रेरकाचे प्रमाण कमी करून किंवा प्रवाह वाढवून रूपांतरण २०-३० टक्क्यांवर आणावे आणि मग वेळेनुसार त्याची घसरण पाहावी. उत्पादितांचे प्रमाणही नोंदवावे, कारण रूपांतरण टिकून असतानाही ऑक्सिजनमुक्त उत्पादिते घटून फीनॉल व कॅटेकॉल वाढू लागणे ही बिघाडाची पहिली खूण असते. पुनरुज्जीवनानंतरचे मापन नेमक्या त्याच परिस्थितीत करावे, आणि शुद्ध ग्वायाकॉलमध्ये पाणी, आम्ल व पोटॅशियम नसते हे ध्यानात ठेवून निदान एक प्रयोग या तिन्हींच्या उपस्थितीत करावा.